चिऱ्याला चिरा जिथे भेटतो

गोव्यात जुनी वास्तू बघायची तर आधी दगड बघावा, मग वास्तू. कॅमेरा गळ्यात अडकवून इथले किल्ले, देवळं, वाडे फिरताना माझं हे मत हळूहळू पक्कं होत गेलंय. आपल्याकडे बांधकामाचा दगड मुख्य दोन जातींचा. एक चिरा, म्हणजे जांभा, तांबडा, भोकाभोकांचा, खाणीतून काढताना ओलसर मऊ असतो, हत्याराने सहज तासता येतो, आणि एकदा वारा-ऊन लागलं की टणक होत जातो. दुसरा काळा दगड, बेसॉल्ट, घाटाकडचा. फोटो काढणाऱ्याला या दोघांशी वेगवेगळं वागावं लागतं. चिऱ्यावर दुपारचं ऊन पडलं की सगळं सपाट, भोकं दिसत नाहीत, रंग विटका, भिंत नुसती मातीची वाटते. तीच भिंत जुलैत एक मोठी सर येऊन गेल्यावर बघा, गडद तांबडी होते, फटीफटीतून शेवाळ हिरवंगार, वरून ढगाळ आकाशाचा मऊ लाईट, सावली कुठेच नाही, आणि प्रत्येक चिरा वेगळा मोजता येतो. काळ्या दगडाचं उलट. त्याला ढगाळ लाईट दिला तर नुसता काळा ठोकळा दिसतो, त्याला तिरपं ऊन लागतं, बाजूने सरपटत येणारं, तरच कोरीवकाम उठून वर येतं.

म्हणून माझं वर्षाचं गणित असं की पावसात चिरा, थंडीत काळा दगड. बाहेरून येणारे मित्र डिसेंबरात किल्ले बघायला येतात तेव्हा मी त्यांना सांगतो की बाबांनो, जूनचा शेवट ते सप्टेंबर, छत्री आणि लेन्स पुसायला सुती फडकं घेऊन या, तेव्हा गोवा खरा दिसतो.

दगड बघत बघत मला सवय लागली ती सांधे बघायची. म्हणजे जिथे एका हाताचं काम संपतं आणि दुसऱ्याचं सुरू होतं ती रेघ. जुन्या चिऱ्यावर नवीन चिरा, काळ्या दगडाशेजारी चुन्याचा गिलावा, देवळाच्या घुमटाखाली चर्चसारखी खिडकी. एकाच राजाने एकाच वेळी बांधली आणि जिथे बांधली तिथेच शाबूत राहिली अशी वास्तू गोव्यात शोधून काढावी लागेल इतकं इथलं सगळं हाललेलं, मोडलेलं, पुन्हा रचलेलं आहे. आणि बुरुजामागे सूर्य बुडतोय, ड्रोनने वरून घेतलाय, अशा फोटोत नेमकं हेच दिसत नाही. तो फोटो सुंदर असतोच, मीही काढतो, पण त्यात किल्ला कुठलाही असला तरी चालतो.

तांबडी सुर्ल्याचं महादेवाचं देऊळ घ्या. कदंब काळातलं, साधारण बाराव्या-तेराव्या शतकातलं, पूर्वाभिमुख, मोले अभयारण्याच्या अंगाला, जंगलात नदीकाठी. सगळं काळ्या दगडात, आणि हा दगड त्या खोऱ्यातला नव्हे, घाट उतरवून आणला असं मानतात. आजूबाजूला बघाल तर तांबडी माती नि चिरा, आणि मध्ये हे काळंभोर छोटंसं देऊळ. लोक लांबून पूर्ण देऊळ फ्रेममध्ये घेतात, मागे डोंगर, आणि निघतात. मी सांगेन आत जाऊन जमिनीवर बसा. मंडपाच्या मधोमध नंदी आहे, त्याला डोकं नाही. भोवती चार खांब, एका खांबाच्या तळाशी हत्ती घोड्याला पायाखाली तुडवतोय असं कोरलंय, इतकं खाली की उभ्याने दिसत नाही, गुडघे टेकावेच लागतात. वर छताला कमळ. गाभाऱ्याकडे जायच्या दाराशी दगडाचीच नक्षीदार जाळी. सकाळी ऊन डोंगरावरून वर आलं की दारातून आत शिरतं आणि आधी जमिनीची फरशी उजळते, त्या उजेडाचा परतावा खांबांच्या खालच्या अंगावर पडतो, म्हणजे लाईट खालून वर जातो. हत्ती बघायची वेळ तीच. ट्रायपॉड न्यायचा तर पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते, म्हणून मी खांबाजवळ बसून, खांबाला न टेकता, श्वास धरून काढतो, शटर हळू ठेवून.

आणि मग बाहेर येऊन वर बघा. शिखर अर्धवट वाटतं, माथा नाहीच. मंडपावर मात्र राखाडी दगडाच्या उतरत्या फरशा घातल्यात, आपल्या कौलारू घराच्या उताराने, कारण पाऊस. शिखर बांधणाऱ्याची शैली दख्खनची आणि छप्पर कोकणातल्या पावसाचं. ती दोघं जिथे एकमेकांना भिडतात त्या कोपऱ्याचा फोटो माझ्याकडे आहे, देऊळ त्यात ओळखू येत नाही, पण मला विचाराल तर तांबडी सुर्ल्याचा माझा सगळ्यात चांगला फोटो तोच.

या देवळाचं नातं कळायला मी घाट चढून बेळगाव जिल्ह्यात कित्तूरजवळच्या देगावेला गेलो होतो. तिथलं कमलनारायणाचं देऊळ गोव्याच्या कदंबांचंच, राजा शिवचित्त पेर्माडीदेवाची राणी कमलादेवी हिने बाराव्या शतकात बांधवलेलं. तिथल्या छतातली कमळं बघितली आणि तांबडी सुर्ल्याचं कमळ आठवून अंगावर काटा आला. आज आपण चोर्ला घाट, अनमोड घाट म्हणजे दोन राज्यांमधली सीमा समजतो, तेव्हा ते एकाच घरातले वरचा मजला नि खालचा मजला होते.

आता फोंड्याला येऊया, कारण सांध्यांची गोष्ट खरी तिथे आहे.

सोळाव्या शतकात तिसवाडी, बार्देश, सासष्टीत पोर्तुगीजांनी देवळं पाडायला घेतली तेव्हा माणसांनी देव उचलले आणि जुवारी ओलांडून अंत्रुज महालात, म्हणजे आजच्या फोंड्यात आणले. मंगेश १५६० मध्ये कुशस्थळीहून प्रियोळला आला. शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला. म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला. हे आपल्याला घरात लहानपणापासून माहीत असतं, पण एक गोष्ट लक्षात यायला मला फार वर्षं लागली, ती म्हणजे देव पळून गेले कुठे? आदिलशाही मुलखात. आणि त्याच फोंड्यात त्याच १५६० साली अली आदिलशहाने साफा मशीद बांधवली. आजही फोंडा शहराच्या कडेला ती उभी आहे, उतरत्या कौलांची, बाजूला चिऱ्यात बांधलेली मोठी तळी, तळीच्या भिंतीत ओळीने छोट्या कमानी, भोवती अष्टकोनी खांबांचे उरलेले बुंधे. पावसात तळी भरते तेव्हा त्या कमानी अर्ध्या पाण्यात आणि अर्ध्या वर, आणि पाण्यात उलटी मशीद. मी साफा मशिदीचे फोटो आणि मंगेशीच्या तळीचे फोटो नेहमी एकाच फोल्डरमध्ये ठेवतो. एकाच काळातली, एकाच चिऱ्याची, एकाच आसऱ्याखालची कामं आहेत ती. फोंडा पोर्तुगीजांच्या ताब्यात कायमचा गेला तो १७६३ मध्ये, त्याच्या आत शिवाजी महाराज, संभाजी महाराज, सोंदेकर राजे सगळे येऊन गेले होते, म्हणून हे देव वाचले.

आज जी देवळं दिसतात ती मात्र बरीच नंतरची. कवळ्याचं शांतादुर्गेचं देऊळ १७३८ च्या सुमाराचं, छत्रपती शाहू महाराजांच्या काळात नारोराम मंत्र्यांनी बांधवलेलं. मंगेशीला पेशव्यांनी १७३९ मध्ये गाव इनाम दिलं. आणि इथे माझ्या आवडीचा सांधा येतो. अष्टकोनी मनोरा, त्यावर घुमट, गोल कमानीच्या खिडक्या, खिडकीच्या दोन्ही बाजूंना भिंतीत उठवलेले चपटे खांब, हे सगळं चर्चमधून आलंय, कारण गवंडी तेच, हात तेच. ज्यांच्यामुळे देव घर सोडून आले त्यांच्याच बांधणीची भाषा घेऊन देवाला नवीन घर दिलं. कोणी याला अनुकरण म्हणतं. मला त्यात कारागिराचा मोठेपणा दिसतो, त्याला जे सुंदर दिसलं ते त्याने आपल्या देवाला दिलं. आणि समोर दीपस्तंभ, सात मजल्यांचा पांढराशुभ्र, तो मात्र पूर्ण आपला. संध्याकाळी निळसर उजेड उरलेला असताना दीपस्तंभ आणि मागचा घुमट एका रेषेत घ्या, थोडं डावीकडे सरकून, म्हणजे दोन्हींचे मजले कसे एकमेकांशी बोलतात ते दिसतं. गाभाऱ्यात फोटो काढायला मनाई असते आणि ती असायलाच हवी. तिथे कॅमेरा पिशवीत आणि हात जोडलेले.

नार्व्याच्या सप्तकोटेश्वरावर खरं तर वेगळा लेख लिहायला हवा. कदंबांचं कुलदैवत, मूळ देऊळ दिवाडी बेटावर, ते पाडलं, लिंग नदीपलीकडे नार्व्याला आणलं, आणि शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये त्या देवळाचा जीर्णोद्धार केला. दारावर शिलालेख आहे, शके १५९० चा. आम्ही डिचोलीकर, म्हणजे हे आमच्या घरचंच देऊळ म्हणायचं, आईबरोबर सोमवारी जायचो. तेव्हा देऊळ थकलेलं होतं, पाऊस आत यायचा. मग सरकारने मोठं काम काढलं आणि २०२३ च्या फेब्रुवारीत ते पुन्हा खुलं झालं. शिलालेखाचा फोटो काढायची युक्ती सांगतो, समोरून फ्लॅश मारू नका, अक्षरं मरतात. मोबाईलची टॉर्च दुसऱ्याच्या हातात देऊन अगदी कडेने, दगडाला समांतर धरायला सांगा, प्रत्येक अक्षराच्या खाचेत सावली भरते आणि डोळ्याला न दिसणारी अक्षरंसुद्धा वाचता येतात. मी हे केलं तेव्हा टॉर्च धरायला तिथलाच एक शाळकरी मुलगा होता, सातवीतला असेल. शिवाजी हे नाव त्याने स्वतः बोटाने हवेत गिरवत वाचलं आणि धावत जाऊन आजोबांना बोलावून आणलं, मग आजोबांनी वाचलं, मग पुजाऱ्यांनी. अर्धा तास आमचं तेच चाललं होतं.

जुन्या गोव्यात गेलं की सगळे बॉम जेझू चर्चच्या, म्हणजे बासिलिकेच्या, तांबड्या भिंतीसमोर उभे राहतात. बॉम जेझूचं बांधकाम १५९४ मध्ये सुरू झालं, १६०५ मध्ये पूर्ण झालं, आणि ती तांबडी भिंत मुळात दिसण्यासाठी नव्हतीच, वर चुन्याचा गिलावा होता, तो १९५० च्या दशकात काढून टाकला. तेव्हापासून चिरा उघडा पडलाय आणि दर पावसाळ्यात भिजतोय. समोरच्या दर्शनी भागात काळा दगड वापरलाय तो वसईहून आणलेला. म्हणजे आपल्या चिमाजी अप्पांच्या वसईचा दगड गोव्याच्या चर्चला. चिरा आणि वसईचा काळा दगड जिथे जुळवलाय तिथे नजर लावून बघा, चिऱ्याच्या कडा झिजून गोलावल्यात आणि काळ्या दगडाची कड अजून धारदार आहे. चारशे वर्षांचा पाऊस त्या एका फ्रेममध्ये मोजता येतो.

तिथून रस्ता ओलांडून से कॅथेड्रलच्या पुढे गेलात तर आदिलशहाच्या वाड्याचा दरवाजा आहे. नुसता दरवाजा. वाडा गेला, पायऱ्या चढून वर गेलं की काळ्या दगडाचे खांब, वर आडवी तुळई, बाजूला जाळीचे तुकडे, आणि पलीकडे काहीच नाही, झाडं आणि आकाश. कमान नाही हे लक्षात घ्या. खांबांची घडण बघाल तर एखाद्या देवळाच्या मंडपातले वाटावेत अशी. सुलतानाच्या वाड्याला देवळासारखे खांब, त्याच वाड्यात पुढे पोर्तुगीज अधिकारी राहिले, आणि आता दाराच्या आत-बाहेर काही उरलं नाही. पर्यटकांच्या बसेस तिथे थांबत नाहीत. मला जुन्या गोव्यातली एकच वास्तू निवडायला सांगितली तर मी हा दरवाजा निवडेन.

संत ऑगस्टीनचा मोडका मनोरा तर सगळ्यांना माहीत आहे, सेहेचाळीस मीटर उंचीचा होता म्हणतात, त्यातला काही भाग उभा आहे, सगळा चिऱ्याचा. पण त्यातली घंटा? ती मधला काही काळ आग्वादला होती आणि १८७१ पासून पणजीच्या चर्चवर आहे, ते पायऱ्यापायऱ्यांचं पांढरं चर्च, ज्याच्यासमोर सगळे सेल्फी काढतात तेच. एका वास्तूचे फोटो काढायला तुम्हाला तीन गावं फिरावी लागतात, असा हा आपला गोवा.

किल्ल्यांकडे वळतो. आग्वाद मी फारसा काढत नाही, गर्दी असते, पण १६१२ मध्ये पुरा झालेल्या त्या किल्ल्यातली पाण्याची टाकी खरंच बघण्यासारखी, येणाऱ्या-जाणाऱ्या जहाजांना पाणी पुरवायला बांधलेली. रेइश मागुश १५५१ चा, पुढे तुरुंग झाला, मग पडीक, मग नीट जपून दुरुस्त करून २०१२ मध्ये लोकांसाठी उघडला, आणि आत व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांची चित्रं लावलीत. दुरुस्ती कशी करावी हे बघायचं तर तिथे जावं. कोर्जुव्याचा किल्ला छोटा, चौकोनी, चार बुरुज, १७०५ चा, तासाभरात संपतो, पण पावसात नदी आणि शेतं आणि तांबडा तट असा रंग दुसरीकडे मिळत नाही. बेतूलला शिवाजी महाराजांच्या काळातला, १६७९ चा, किल्ला होता, साळ नदीच्या मुखावर, आता एक बुरुज आणि तोफ एवढंच. तरी मी जातो. एवढ्याशा बुरुजाचा फोटो कशाला असं विचारणारे विचारतात, त्यांना मी सांगतो की तो आहे म्हणून.

शापोऱ्यावर मात्र थांबायला हवं. आदिलशाहीतली जागा, १६१७ मध्ये पोर्तुगीजांचा किल्ला, संभाजी महाराजांच्या काळात मराठ्यांनी घेतला, १७१७ मध्ये पोर्तुगीजांनी पुन्हा बांधला, १७३९ मध्ये सावंतवाडीच्या भोसल्यांनी घेतला, पुन्हा गेला. आता हा सगळा इतिहास पुस्तकात वाचला की डोकं भंजाळतं, पण पावसात तटाच्या बाहेरून, खालच्या वाटेने चालत गेलं की तट वाकळीसारखा ठिगळाठिगळांचा दिसतो. कुठे चिरे मोठे, नीट तासलेले, कुठे बारीक, घाईत बसवलेले, कुठे मधूनच दगडाचा रंग बदलतो. कुठलं ठिगळ कुणाचं हे मला ठरवता येत नाही आणि ते सांगायचा माझा अधिकारही नाही, ते पुरातत्त्ववाल्यांचं काम, पण हात बदललाय हे कॅमेऱ्याला दिसतं. इथे एक तांत्रिक गोष्ट, कॅमेऱ्याचा ऑटो व्हाइट बॅलन्स चिऱ्याला फसतो, एवढा तांबडा बघून तो निळं मिसळतो आणि भिंत तपकिरी होते. म्हणून व्हाइट बॅलन्स ढगाळवर लॉक करायचा आणि एक्सपोजर किंचित कमी, म्हणजे ओल्या चिऱ्याची चमक फाटत नाही.

काणकोणातला काब द रामचा किल्ला, खोलगड, हा माझा सगळ्यात आवडता. रामाने वनवासात इथे मुक्काम केला अशी श्रद्धा आहे, नाव त्यावरूनच. सोंदेकर राजांकडून १७६३ नंतर पोर्तुगीजांकडे आला, पुढे काही काळ तुरुंग होता. समुद्रात घुसलेला कडा, खंदक, गंजलेल्या तोफा, आणि आत एक पांढरंशुभ्र चर्च, त्यात अजून प्रार्थना होते. ढगाळ काळा समुद्र, तांबडा तट आणि ते पांढरं चर्च एका फ्रेममध्ये घेताना एक्सपोजरची कसोटी लागते, चर्च सांभाळलं तर तट बुडतो. मी चर्चसाठी मोजतो आणि तट नंतर उजळून घेतो. तिथे एक वयस्कर माणूस गुरं चारायला येतो, त्याच्याशी ओळख झालीय. तो नेहमी एकच विचारतो, रामाचा फोटो काढला की सायबाचा? मी म्हणतो काका, दोघांचा एकाच फोटोत आलाय. त्याला ते पटतं, मान हलवतो आणि गुरांच्या मागे जातो.

वाडे-राजवाडे गोव्यात तसे कमी, पण चांदोरला एकदा जाच. आजचं चांदोर म्हणजे जुनं चंद्रपूर, भोजांची, मग कदंबांची राजधानी. चर्चच्या चौकात ब्रागांझांचं लांबलचक घर आहे, दोन घराण्यांत वाटलेलं, उजवा-डावा भाग वेगळा, एकाच दर्शनी भिंतीमागे दोन कुटुंबं. पोर्तुगीज राजवटीविरुद्ध लिहिणारे पत्रकार लुईस द मिनेझिस ब्रागांझा याच घरचे. जुन्या खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्याची तावदानं. त्यातून येणारा उजेड मी दुसरीकडे कुठे बघितला नाही, किंचित दुधाळ, सावलीची कड नसलेला, खुर्चीच्या वेतावर, पितळेवर, माणसाच्या चेहऱ्यावर सारखाच पसरणारा. स्टुडिओत हजारो रुपयांचे सॉफ्टबॉक्स लावून जे करतो ते इथे समुद्रातल्या शिंपल्याने केलेलं असतं. घर राहतं आहे, परवानगी मागून, त्यांची वेळ बघून जायचं, आणि घरातल्या माणसांना आधी फोटो दाखवायचे. आणि त्या घरापासून थोड्याच अंतरावर, शेताच्या कडेला, जुन्या देवळाचा पाया आणि मुंडकं नसलेला नंदी आहे. १९२९ मध्ये फादर हेरास यांनी तिथे उत्खनन केलं होतं. एका जेझुइट पाद्र्याने शिवमंदिराचा पाया शोधून काढला! बऱ्याच जणांना ब्रागांझांचं घर माहीत असतं, नंदी नाही.

बाहेर फिरतो तेव्हा पण हीच सवय चालू राहते. वास्कोहून होस्पेटला ट्रेन आहे, हंपीला जाणं आम्हाला सोपं. हंपीत विरूपाक्षाच्या देवळात एका अंधाऱ्या खोलीत भिंतीला छोटं छिद्र आहे आणि त्यातून गोपुराची उलटी सावली समोरच्या भिंतीवर पडते. कॅमेरा म्हणजे तरी काय, अंधारी पेटी आणि छिद्र. ती उलटी सावली बघितल्यावर मी थोडा वेळ कॅमेरा खालीच ठेवला होता. आणि तिथला कमल महाल बघा, खाली कमानी सुलतानी, वर शिखरं देवळाची. म्हणजे आदिलशहाच्या दरवाजाचं उलट.

एवढं सगळं सांगताना कुर्डी राहिली तर चालणार नाही. सांगेतलं हे गाव साळावली धरणात गेलं, माणसं वाडे आणि वालकिणी या गावांत बसवली. तिथलं जुनं महादेवाचं देऊळ एकेक दगड सुटा करून उचललं आणि धरणाजवळ पुन्हा उभं केलं. सोळाव्या शतकात देव हलवले आणि विसाव्यात देऊळच हलवलं. आणि दरवर्षी मे महिन्यात पाणी आटतं तेव्हा गाव वर येतं, जोती, पायऱ्या, झाडांचे बुंधे, विहिरीची कडी. मोगूबाई कुर्डीकर याच गावच्या. लोक परत येतात, सोमेश्वराला पूजा होते. तिथे एक आजी आपल्या घराच्या उंबऱ्यावर बसली होती, म्हणजे उंबऱ्याचा चिरा तेवढा उरला होता, पाण्याने गुळगुळीत झालेला, मधोमध पायांनी झिजून खोलगट. ती त्या खोलगट जागेवरून हात फिरवत होती. मला म्हणाली, "फोटो काड रे बाबा, मिरग पडलो काय परत सगळें उदकांत." मी तिचा हात आणि तो उंबरा एवढाच काढला. घरी येऊन प्रिंट करून पाठवली. तिच्या नातवाचा फोन आला की ती नव्या घराच्या उंबऱ्याच्या वर लावलीय.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला बसलो ते. गोव्यातल्या छोट्या देवळांच्या भिंतींवर कावी काम असतं. चुन्याचा पांढरा थर, त्यावर हुरमुंजीचा तांबडा थर, तो ओला असतानाच वरून कोरून काढायचा, म्हणजे खालचा पांढरा दिसतो. फुलं, वेली, जहाजं, हत्ती, वीर, कधी कधी बंदूकधारी शिपाईसुद्धा. अशी देवळं दर वर्षी कमी होतायत. जीर्णोद्धार निघतो, मनापासून निघतो, लोक पोटाला चिमटा घेऊन वर्गणी देतात, आणि भिंतीवर बाथरूमची टाईल चढते. कुणाच्या मनात वाईट नसतं हे मला माहीत आहे. पावसाने भिंत ओली होते, पुजाऱ्याला त्रास होतो, देवाला स्वच्छ घर हवं ही भावना खरी आहे. पण एकदा टाईल लागली की खालचं काम गेलं, ते परत मिळत नाही, आणि ते करणारे हातही आता बोटांवर मोजण्याइतके उरलेत.

माझ्या मामाच्या गावात असंच झालं. समितीची बैठक ठरली होती, काम दिवाळीनंतर. मी जाऊन सगळ्या भिंती काढल्या, एकेक वीत, दिवसाउजेडी, दार उघडं ठेवून, कडेने पांढरी चादर धरून उजेड परतवत. कोपऱ्यात एक जहाज निघालं जे कोणाच्याच लक्षात नव्हतं, समोर इतकी वर्षं तांदळाचं पिंप होतं. मोठ्या प्रिंट काढल्या आणि बैठकीत सतरंजीवर मांडल्या, एक शब्द न बोलता. मामाच बोलला मग. एक म्हातारे महाजन जहाजाची प्रिंट हातात घेऊन म्हणाले, हे माझ्या आजोबांनी दाखवलं होतं मला, मी विसरलो. त्या दिवशी टाईलचा ठराव झाला नाही. गर्भकुडीच्या, म्हणजे गाभाऱ्याच्या, बाहेरच्या तीन भिंती तशाच ठेवायच्या आणि एका भिंतीचा ओलावा आधी काढायचा असं ठरलं. तीन तरी राहिल्या. चौथीचे फोटो आहेत.

म्हणून तुमच्या गावात, तुमच्या वाड्यावर, घुमटीवर, जुन्या चौकीवर काम निघणार असेल तर आधी कळवा. मी येतो, पैसे नकोत, फक्त जेवायला नि राहायला एक कोपरा द्या. डिचोली, सत्तरी, पेडणे माझ्या जवळचं, काणकोणला पण येईन. आणि मला यायला जमत नसेल तर घरातल्या मुलाच्या हातात मोबाईल द्या, भिंतीसमोर सरळ उभं राहायला सांगा, वाकडा कोन नको, फिल्टर नको, प्रत्येक फ्रेममध्ये एक पट्टी किंवा वीतभर काठी ठेवा म्हणजे आकार कळतो, आणि फाईलला गावाचं, देवाचं नाव आणि तारीख घाला. पावसात काढत असाल तर ढगाळ दिवस निवडा.